शीकाकूची काळी वायर

आमच्या गल्लीत माझ्या बायकोला तिच्या नावानं कोणी ओळखत नव्हतं. लहानथोर सगळे तिला शीकाकू म्हणायचे. तोंडावर नाही म्हणायचे, पण तिला ठाऊक होतं. कारण दिवसातून शंभर वेळा तिच्या तोंडातून 'शी' निघायचं. कपाच्या कानाला चहाचा डाग दिसला, शी. कुणी जेवताना बोटं चाटली, शी. नाक असं आक्रसायची की चेहरा अर्धा व्हायचा. नवख्या माणसाला वाटायचं, ही बाई आपल्यालाच नाक मुरडते. बऱ्याचदा ते खरंही असायचं.

पण शी म्हणून ती तिथून निघून जायची नाही. पदर खोचायची आणि त्याच घाणीत हात घालायची. आमच्या जिन्याच्या कोपऱ्यात एका पाहुण्यानं माव्याची पिचकारी मारली होती. चांगला इस्त्रीच्या कपड्यातला माणूस. तिनं शी म्हटलं, आत गेली, पाण्याची बादली आणि खराटा घेऊन आली आणि खराटा त्याच्याच हातात दिला. "धरा पावणं. तुमचंच हाय, तुमीच धुवा. पानी मी घालतो." आमच्याकडं बायकाही असंच बोलतात, मी घालतो, मी जातो. तो माणूस कोपरा धुऊन गेला तो परत आमच्या घरी आलाच नाही. मला बरं वाटलं. माझाच मावसभाऊ होता.

तिला जाऊन आठ महिने झाले. आता मला सगळ्याची किळस येते. सकाळी उठल्यावर माझ्याच तोंडाच्या वासाची येते. डब्याच्या भाजीवर तरंगणाऱ्या तेलाची येते. फोनवर "कसे आहात" विचारून उत्तर ऐकायच्या आधी ठेवून देणाऱ्यांची येते. दिवसभर कॉटवर बसून मी शी म्हणतो. पण मी नुसता म्हणतो. हात घालत नाही. तिच्यात आणि माझ्यात हाच फरक होता आणि तो चाळीस वर्षं मला दिसला नाही.

दारातल्या पत्र्याखाली आमची जुनी पांढरी गाडी उभी आहे. शीकाकू गेल्यापासून ती जागची हललेली नाही. सांगलीहून आमची मुलगी दर रविवारी फोन करते, "बाबा, गाडी देऊन टाकूया. घेणारा माणूस पाठवते." मी नाही म्हणत आलो. तिला वाटतं, बाप चिवट आहे. चिवट आहेच मी. पण तिच्या आईनं दवाखान्यात पडल्या पडल्या मला त्या गाडीचं एक काम सांगितलं होतं. शेवटचं तेच. पाच मिनिटांचं काम, एक नट ढिला करायचा. मी ते केलं नाही. ते केल्याशिवाय गाडी कुठल्या तोंडानं देऊ?

शीकाकूचं माहेर आजऱ्याचं. तिथं काजू फोडायच्या कामाला ती अकराव्या वर्षापासून जायची. काजूच्या टरफलाचं तेल फार वाईट. हाताला लागलं की कातडी जळून साल निघते. बायका हाताला राख चोळून फोडायला बसतात, तरी बोटं काळी पडतातच. मी मुलगी बघायला गेलतो तेव्हा तिनं पोह्यांची बशी पुढं केली आणि माझी आत्या सगळ्यांच्या देखत म्हणाली, "शी! बोटं बघा की पोरीची." पोरीनं बशी मागं घेतली नाही. तशीच धरून उभी राहिली, आत्याच्या डोळ्यांत बघत. मी खाली मान घालून पोहे खाल्ले. त्याच दिवशी आत्याला काहीतरी बोलायला पाहिजे होतं. बोललो नाही. त्या आत्याच्या शेवटच्या आजारपणात तिचं हगलंमुतलं काढलं ते त्याच काळ्या बोटांनी. काढताना शी म्हणायची बरं का. स्पष्ट ऐकू जाईल असं म्हणायची.

मी साखर कारखान्यात जीप चालवायचो. ड्रायव्हर माणसाला वाटतं, गाडीतलं आपल्यालाच कळतं. मला काय कळत होतं ते सांगतो. बॅटरीची वायर ढिली झाली की मी मधे पत्र्याचा तुकडा कोंबायचो आणि वर दगड हाणायचो. वायर सोडायची झाली तर जी आधी हाताला येईल ती सोडायचो. बॅटरीवर वाकून बिडी ओढायचो. तीस वर्षं असंच केलं आणि काही झालं नाही, म्हणून मला वाटायचं की मी शहाणा आहे.

निवृत्त झाल्यावर ही पांढरी घेतली, जुनीच. पहिल्यांदा बॉनेट उघडलं तेव्हा ती शेजारी उभी होती. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड फुगून आलेली. "शी! ह्ये काय वो? ह्ये असलं घिऊन फिरायचं आपण?"

"असतंय त्ये. बॅटरी हाय. देव्हारा न्हाय."

"देव्हारा न्हाय म्हणून काय झालं? बसतोय न्हवं आपण ह्यात?"

मी बॉनेट आपटलं.

शहाणपण उतरलं कोडोलीत. तिच्या भाचीच्या लग्नाला गेलतो. अक्षता पडल्या, जेवणं झाली, निघायच्या वेळी गाडी चालू होईना. सेल्फ मारला की नुसतं टक् टक्. मांडवातले दहा-पंधरा पाहुणे दात कोरत भोवती जमले. मला चेव आला. नवा शर्ट, डोक्याला फेटा, बोटात लग्नातली सोन्याची अंगठी, आणि पाना घेऊन मी लाल वायरीलाच हात घातला. पान्याचं एक टोक लाल टर्मिनलवर, दुसरं टोक बाजूच्या लोखंडाला टेकलं, आणि मधे माझं बोट. फाड् करून ठिणगी उडाली. पाना तिथंच चिकटल्यासारखा झाला. अंगठी अशी तापली की मी बैलासारखा ओरडलो. पाना उडून खाली पडला म्हणून वाचलो. पाहुणे हसले. हसणारच. मीही त्यांच्यात असतो तर हसलो असतो.

ती हसली नाही. मला ओढत मांडवामागच्या नळावर नेलं, बोट पाण्याखाली धरलं ते किती तरी वेळ सोडलंच नाही. मग साबण लावून हळूहळू अंगठी काढली. खाली गोल जळलेलं कडं. मी म्हटलं, "लग्नातली हाय. आजवर बोटातनं काढली न्हवती."

"मग आता काढली. अंगठी काढली म्हणून काय लगीन मोडत न्हाय."

आणि मग ती गाडीकडं गेली. हातातल्या सोन्याच्या पाटल्या काढल्या, माझी अंगठी त्यात घातली आणि सगळं एका वाटीत ठेवलं. मंगळसूत्र पोलक्याच्या आत टाकलं आणि वरून पिन लावली. काचेच्या हिरव्या बांगड्या तेवढ्या ठेवल्या. किल्ली काढून पदराला बांधली. पाना उचलला. भरजरी पातळ नेसलेली बाई बॉनेटमधे वाकलेली बघून पाहुणे आणखी जवळ आले.

"काय बगताय? बाईनं पाना धरलेला बगितला न्हाय काय? आणि त्यो बिडीवाला, हां तुमीच, लांब व्हा तिकडं. हितनं गॅस निगतोय. मिशा जळतील."

आधी काळी वायर सोडली. मग लाल. गरम पाण्यात खायचा सोडा कालवून टर्मिनलवर ओतला, सगळी बुरशी फसफसून वाहून गेली. शी शी म्हणत जुन्या ब्रशानं घासलं, कोरडं केलं. माझा पत्र्याचा तुकडा दोन बोटांत धरून पाहुण्यांना दाखवला आणि लांब फेकला. मग आधी लाल जोडली, शेवटी काळी. नट आवळले. "मारा सेल्फ," म्हणाली. गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. परत येताना नदीच्या पुलावर मी गाडी हळू केली. मग विचारलं, कुठं शिकलीस?

उद्यमनगरात एक म्हातारा बॅटरीवाला होता. शर्टाला ॲसिडनं भोकं पडलेली, बसायला उलटा डबा. कधीतरी मी तिला तिथं बसवून चहा प्यायला गेलो होतो. मी दोन चहा आणि तासभर गप्पा मारून आलो, तेवढ्यात हिनं त्याला सगळं विचारून घेतलं होतं. काळी वायर गाडीच्या सगळ्या लोखंडाला जोडलेली असते. ती जोडलेली असताना लाल सोडायला गेलं आणि पाना कुठंही टेकला की जाळ. काळी आधी सोडली की मग लालवर काम करताना पाना कुठंही लागू दे, काही होत नाही. म्हणून सोडताना काळी पहिली, जोडताना काळी शेवटची. मी म्हटलं, हे उलटसुलट माझ्या ध्यानात राहायचं नाही.

"का ऱ्हायचं न्हाय? घरातनं भाईर जाताना आदी गॅस बंद करतोय, मग कुलूप लावतोय. आल्यावर आदी कुलूप काडतोय, मग गॅस पेटवतोय. काळी म्हंजे गॅस."

चौथी शिकलेल्या माणसाला कळेल असं मला आयुष्यात दोघातिघांनीच सांगितलं. त्यात ही एक.

तेव्हापासून बॅटरी तिच्याकडं गेली. दिवाळीत आणि पाडव्याला ती तिला आंघोळ घालायची. भांडी घासायचे गुलाबी रबरी मोजे, माझा जुना चष्मा डोळ्यांवर, बिडी बाहेर. माझी अंगठी साबण लावून काढायची, तिच्या पाटल्यांबरोबर खिडकीतल्या स्टीलच्या वाटीत ठेवायची. काम मी करत नव्हतो, नुसता बाजूला उभा असायचो, तरी काढायची. "तुमचा भरवसा न्हाय. मदेच हात घालशीला." सोडा, गरम पाणी, ब्रश, मग टर्मिनलला व्हॅसलिनचा हात. शेवटी काळी आवळली की गाडीतल्या रेडिओचं घड्याळ बारावर येऊन लुकलुकायचं. तिच्या मनगटावरचं घड्याळ बघून ती ते लावायची. मग हात धुऊन यायची आणि माझ्या बोटात अंगठी घालायची. दर वेळी. मला लाज वाटायची, गल्लीतलं कोणी बघतंय का म्हणून मी इकडंतिकडं बघायचो. आता वाटतं, तिच्याकडं बघायला काय झालं होतं?

आम्ही आजऱ्याला चार-पाच दिवस राहायला निघालो की घरातलं आवरायच्या आधी ती गाडीचं बघायची. बसनं जायचं असेल तर गाडी उभी राहणार. काळी काढून ठेवायची आणि वायरीचं तोंड चिंधीत गुंडाळून बाजूला सारायची, परत जाऊन चिकटू नये म्हणून. "गाडी हुबी असली तरी बॅटरी झिरपत असतीया. माणसागत. काम न्हाय म्हणून काय भूक थांबतीय?"

तिला दवाखान्यात ठेवलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, दोन-चार दिवसांत सोडू. दोनाचे चार झाले, चाराचे सात. तिथं तिला सगळ्याचीच किळस. चादरीची, बाथरूमच्या बादलीची, नळीतून नाकात घालायच्या जेवणाची. पण तिथं हात घालायला तिचे हात मोकळे नव्हते, दोन्हीकडं सुया. म्हणून नुसतीच शी म्हणायची, हळू आवाजात. ते मला बघवायचं नाही.

आठव्या दिवशी तिनं मला जवळ बोलावलं. "अवो, गाडी हुबीच हाय न्हवं?"

"हाय."

"मग काळी काडून ठेवा. मला कवा सोडतील, कुणाला ठावं. बॅटरी बसंल."

"आणि तुला घरी कशातनं न्यायची? डोक्यावरनं?"

"रिक्षा हाय की. आदी काळी काडा."

"गप पड गं. मरणाची बॅटरी बॅटरी लावलीय."

हे माझे शब्द. मरणाची. असंच बोलतो आम्ही, त्यात काय, असं कुणी म्हणेल. पण मीच बोललो आणि मलाच अजून ऐकू येतंय. खरी गोष्ट अशी की रोज सकाळी दवाखान्यात जायच्या आधी मी गाडी चालू करून बघत होतो. शेजारच्या सीटवर तिच्यासाठी धुतलेला टॉवेल घातला होता. काळी काढायची म्हणजे ती येणार नाही, असं मीच म्हटल्यासारखं झालं असतं. म्हणून काढली नाही. नवव्या दिवशी ती घरी आली ती दवाखान्याच्या गाडीतून.

पुढचं सांगायला किळस येते. गल्लीतल्या बायकांनी तिला हिरवं पातळ नेसवलं, ओटी भरली, मळवट भरला आणि माझ्या तोंडावर म्हणाल्या, "भाग्याची. सवाष्ण गेली." कसलं भाग्य? मी मागं राहिलो हे तिचं भाग्य? शीकाकू असती तर एकेकीला खराटा दिला असता. तेराव्याला जेवायला आलेल्यांत दोघांनी हात धुता धुता विचारलं, "गाडीचं काय करणार? विकायची असंल तर सांगा." हाताला अजून खीर होती. मी म्हटलं, "आदी हात धुवा नीट."

परवा रविवारी मुलीचा फोन आला. नेहमीचंच बोलली, पण शेवटी म्हणाली, "बाबा, आईला ती अशी सडलेली आवडली असती का?" मी फोन ठेवला. राग आला. मग उठलो आणि किती तरी महिन्यांनी बॉनेट उघडलं.

बॅटरीवर पांढरं-हिरवं असं फुगलं होतं की टर्मिनल दिसतच नव्हते. काळ्या वायरीवर तर फोड आल्यासारखं. मी शी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं. आणि बॉनेट तसंच टाकून आत येऊन बसलो.

खिडकीत ती स्टीलची वाटी होती. तिच्या पाटल्या मुलीनं नेल्या, वाटी राहिली. मी साबण घेतला, पण साबण लागलाच नाही. अंगठी बोटातून आपोआप निसटून हातात आली. एवढा वाळलोय हे मला तोपर्यंत कळलं नव्हतं. वाटीत टाकली. एकटीच वाजली.

मग गुलाबी मोजे घातले. एका बोटाला भोक होतं. चष्मा लावला. बिडी पेटवली नाही. किल्ली काढली आणि बांधायला पदर नाही म्हणून खिशात टाकली. दहा नंबरचा पाना हातात घेतला आणि मोठ्यानं म्हटलं, आधी गॅस. काळी. नट गंजून बसलेला, दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा निघाला. मग लाल. सोडा ओतला तर उकळी आल्यासारखं फसफसलं, हिरवं पाणी दारातून गटारीकडं गेलं. घासता घासता मी सारखा शी शी म्हणत होतो. समोरची पार्वतीवहिनी दारात आली आणि म्हणाली, "अगंबाई, भाऊजी, मला वाटलं शीकाकूच बोलतीया." आणि डोळ्याला पदर लावून आत गेली. त्या दिवशी मळवट भरणाऱ्यांत ती पहिली होती. मी घासतच राहिलो.

बॅटरी रिक्षातून मांडीवर उभी धरून उद्यमनगरात नेली. तो म्हातारा कधीच गेला, आता त्याचा मुलगा बसतो, तोही पन्नाशीचा झाला. शर्टाला तशीच भोकं. दीड दिवस चार्जिंगला लावून म्हणाला, "धरतीया अजून. काकूंनी चांगली ठेवलेली. बसवायला माणूस देऊ का?"

"नको. मला येतंय," मी म्हटलं. जन्मात पहिल्यांदा खरं बोललो.

आधी लाल. मग काळी. काळी टेकवताना बारीकशी ठिणगी पडली, माझा हात दचकला, पण सोडला नाही. आवळली. व्हॅसलिन लावलं. सेल्फ मारला. दोनदा खोकली, तिसऱ्यांदा चालू झाली. रेडिओचं घड्याळ बारावर लुकलुकत होतं. ते कसं लावायचं मला येत नाही, तसंच राहू दिलं. शेजारच्या सीटवर टॉवेल होता, धुळीनं काळा झालेला. मी तिथंच बसून राहिलो. कुठं गेलो नाही. कुठं जायचं होतं? बऱ्याच वेळानं किल्ली फिरवून बंद केली.

परत खाली उतरलो, पाना घेतला आणि काळी सोडली.

मघाच आवळलेला नट, बोटानंच फिरला. वायर बाजूला घेतली, शीकाकूच्या घरात नेसायच्या जुन्या पातळाची चिंधी फाडून वायरीच्या तोंडाला गुंडाळली, चिकटू नये म्हणून गाठ मारली. तिनं सांगितलेलं पाच मिनिटांचं काम. आठ महिने लागले मला. बॉनेट आपटलं नाही, हळू दाबून लावलं.

हात धुतले. अंगठी वाटीतून काढली आणि सैल होते म्हणून तिच्या शिवणाच्या डब्यातला दोरा तिला गुंडाळला. मीच घातली. थोडी वाकडी बसलीय.

मग सांगलीला फोन लावला. मुलगी घाबरली, आज रविवार नाही, काय झालं म्हणून.

"काय न्हाय झालं," मी म्हटलं. "गाडी न्यायला माणूस पाठव. टॉवेल मी काढून घेतलाय. आणि त्येला सांग, काळी वायर सोडलेली हाय. चिंधी काढायची आणि जोडायची. अंगठीबिंगठी असली तर आदी काढून ठेव म्हणावं. आणि बिडी वढत असला तर दुसरा माणूस पाठव."